रिकामी ऐरण

नातू लिहून घेतोय म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी माझ्याबरोबरच नेली असती.

आमचे घरधनी लोहार. ते सांडशीत लोखंड धरायचे, मी घण मारायची. पण त्यांचा निम्मा काळ लोखंड धुंडण्यातच जायचा. वडवणीच्या बाजारातून मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणायची, कुणाच्या विहिरीवर फाटक्या मोटेचं कडं पडलंय ते मागायचं, निजामाच्या स्वारांच्या घोड्यांचे निसटलेले नाल बीडच्या रस्त्यावरून वेचायचे. गाव त्यांना उकिरडे फुंकणारा म्हणायचं. त्याच नालांची खुरपी करून घेताना मात्र कुणाला लाज वाटली नाही.

सगळं जुनं मिळायचं, ऐरण तेवढी मिळत नव्हती. सासऱ्यांच्या वेळची आमची ऐरण मधोमध चिरली होती, तिच्यावर फाळ सरळ निघेना. शेतकरी तोंडावर बोलत नसत, फाळ घेऊन शेजारच्या गावाला जात. इंग्रजी मुलखात रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरणीला मिळतो म्हणायचे, पण करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून तो निजामाच्या मोगलाईत आणायची आमची ऐपत नव्हती. काम गेलं की सुगीचं बलुतं जाणार, आणि बलुतं गेलं की चूल.

मग कळलं, लिंबागणेशच्या अलीकडे एका खेड्यात लोहार वारलाय. मूलबाळ नाही, म्हातारी एकटी आहे आणि ऐरण जागच्या जागी आहे. शेजाऱ्याची गाडी मागून आम्ही निघालो. त्या गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि गावातून ऐरणीचा आवाज येत होता. घरधन्यांचा चेहरा पडला.

"दुसरा लोहार बसलाय. चल माघारी."

मी गाडी वळवू दिली नाही. ऐरणीवर तापलेलं लोखंड असलं की आवाज दबका येतो. हा नुसता टणटणत होता.

"आवो, ऐरण रिकामी हाय," मी म्हणाले.

आमच्यात रिकाम्या ऐरणीवर घाव घालत नाहीत. घर रिकामं होतं म्हणतात. जाऊन बघतो तर भट्टी गार पडलेली, विस्तवाचा पत्ता नाही, आणि म्हातारी दोन्ही हातांनी हातोडा धरून ठोकत होती. आम्हाला पाहूनही थांबली नाही. दम लागला तेव्हा खाली बसली.

"मावशी, हे कावून?" घरधन्यांनी विचारलं.

"आवाज बंद पडला की पाटील दुसरा लोहार आणंल. मग खळ्यावर मला कोण दाणे घालंल? गावाला सांगितलंय, भाचा येऊन काम करतो. फाळ आला की मीच डोक्यावर घिऊन दुसऱ्या गावाहून करून आणते."

"पण रिकाम्या ऐरणीवर..."

"घर रिकामंच हाय की बाबा. आता कशाचं भ्या?"

तिनं माझा हात ओढून घेतला, तळव्यावरचे घट्टे चाचपले. "घण मारतीस," एवढंच म्हणाली. मग घरधन्यांकडे वळून म्हणाली, "सांडशी, हातोडे, कोपऱ्यातलं भंगार, समदं न्या. ऐरण आन हा एक हातोडा सुगी झाल्यावर न्या."

परतताना घरधनी वाटभर तिच्या नावानं बोटं मोडत होते. मला राग आला नाही. तरी तिची ती गुळगुळीत ऐरण डोळ्यांपुढून हलत नव्हती, हेही खरं.

सुगी उरकल्यावर पुन्हा गेलो. शिवेवर गाडी थांबवून मी कान दिला. गाव गप्प होतं. ऐन सुगीत म्हातारी गेली होती. पाटलानं ऐरण नेऊ दिली. गाडीत चढवायला गडीसुद्धा दिले. जाताना म्हणाला, "रिकामी वाजती हे समद्या गावाला ठाव होतं. ल्हान पोरं बी वळखायची. तिला वाटायचं, आमाला कळत न्हाई. आमी वाटू दिलं."

लोखंडाचं आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असा आम्हा लोहारांचा उगाच तोरा असतो.

त्या ऐरणीवर फाळ सरळ निघायला लागले, गेलेले शेतकरी परत आले. वाटलं, सुटलो. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गावात मयताला माणसं पुरेनात. त्यातच घरधनी गेले. मुलगा भात्याच्या दांडीला लोंबकळायचा एवढाच होता. तो हाताशी येईपर्यंत बलुतं टिकवायचं होतं, आणि दुसरा लोहार बसला की ते त्याचं होणार होतं.

तेरावं झाल्यावर पहाटे उठले, हातोडा घेतला आणि रिकाम्या ऐरणीवर घातला.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण आपलं गुपित झाकलेलं आहे, एवढं तरी सुख त्या म्हातारीला होतं. मला तेही नव्हतं. सडा घालणाऱ्या बायका, गुरं सोडणारे गडी, सगळे ऐकत होते आणि सगळ्यांना कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी मी रोज ठोकत राहिले, आणि आलेले फाळ त्या म्हातारीसारखेच दुसऱ्या गावाहून करून आणत राहिले.

सुगीला खळ्यावर जाऊन पदर पसरला. मान वर केली नाही. आमच्या पाटलानं ज्वारीचं माप ओतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, उद्या जरा उशिरा वाजव. माझा नातू तापलाय. रातभर झोपत न्हाई, पहाटं कुठं डोळा लागतो."

दुसऱ्या दिवशी मी ऊन अंगणात येईपर्यंत थांबले. मग हातोडा उचलला.