एकावर एक ठेवून दाखवा

माघ वद्य तृतीया, सोमवार, सकाळ. हजर: शाळा तपासायला आलेले इंग्रज साहेब, आमचे हेडमास्तर, वरच्या वर्गातली मुलं, प्रयोगशाळेचं सामान सांभाळणारा मी, आणि रसायनाचे मास्तर. दोन वस्तू सारख्या आहेत असं कुणी म्हटलं की हे मास्तर म्हणत, "एकावर एक ठेवून दाखवा." रामघाटावरच्या भाजीवालीलाही ते पाठ झालं होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. संकठादेवीच्या देवळाबाहेर एकदा त्यांच्या चपला बदलल्या. दोन्ही डाव्या पायातल्या घालून ते लंगडत शाळेत आले. मी हसलो, तर म्हणाले, "आज जोडी अगदी सारखी आहे. म्हणून तर चालवत नाही."

दह्यातल्या आम्लाचा रेणू दोन रूपांत असतो. अणू तेच, जोडणी तीच. पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. मास्तरांनी खेळणीवाल्याकडून अणूंसाठी लाखेनं रंगवलेले लाकडी गोळे कातून घेतले आणि काड्यांनी दोन्ही रूपं जोडली. भिक्षुकांच्या घरच्या मुलांना ते सांगत, "जानवं तेच, अंग तेच. खांदा बदलून सव्याचं अपसव्य केलं की देवांचं काम पितरांचं होतं. हेही तसंच."

ही धर्माची थट्टा हेडमास्तरांना खपली नाही. तपासणीआधी खेळणी हलवा, नाहीतर नोकरी सोडा, असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी ती टेबलावर मधोमध मांडली.

हेडमास्तर नीटनेटके. निदान सारखी तरी दिसोत म्हणून त्यांनी सकाळीच शिपायाकडून एका रेणूचे गोळे दुसऱ्याप्रमाणे बसवून घेतले. त्यामुळे मास्तरांनी आपलं वाक्य म्हणताच साहेबांनी रंगाला रंग लावून दोन्ही रेणू तंतोतंत जुळवले. आधी हेडमास्तर हसले, मग वर्ग.

मास्तर थबकले. मग त्यांनी एका रेणूचा लाल आणि पिवळा गोळा उपटला, एकमेकांच्या जागी खोचला आणि रेणू परत दिला. "आता दाखवा."

साहेबांनी फिरवून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. टोपी काढून ठेवली, तरी जमेना. या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी हेडमास्तरांनी लेखी माफी मागा म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, "चूक दाखवा, लगेच लिहून देतो." दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. दोन्ही रेणू माझ्या टेबलावर होते.

मी रोज सकाळी कामांची यादी करतो आणि झालं ते खोडतो. त्या दिवशी हेडमास्तरांनी दिलेलं काम मी सगळ्यात वर लिहिलं: दोन्ही खेळणी गंगेत टाकणे. हेडमास्तर निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही मला त्याची आठवण करून देतात. मी मान हलवतो.

ते काम अजून व्हायचं आहे.