आधी ओळखीचं वजन

समोर कुणीही आला की तो आधी त्याच्या पायांकडे बघायचा, मग पोटाकडे, आणि तोंडापर्यंत पोचायच्या आत आकडा सांगून मोकळा व्हायचा. "ब्याऐंशी. चपला काढल्या तर एक्क्याऐंशी." रामराम नंतर. माझ्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा शेजारी म्हणून हाही पोह्यांना बसला होता. मुलाच्या मामांनी उंबरा ओलांडला आणि याच्या तोंडून गेलंच, "एकशे चार!" मामा दारातच थांबले. लग्न जमलं, पण मामांनी त्या दिवशी पोह्यांना हात लावला नाही.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यानं जन्म काढला. गल्ली त्याला काटेवाला म्हणायची, मीही तेच म्हणेन. नाव घेऊन काय करायचंय? असा एक तुमच्याही गल्लीत असेल, नसेल तर तुमची गल्ली फार शांत असेल. ट्रॅक्टरच्या आवाजावर बोलून बोलून याचा गळा असा झाला होता, की रंकाळा तलावाच्या अलीकडच्या काठावरून हाक मारली तर पलीकडचा भेळवाला विचारायचा, "किती प्लेट?" तो गेल्याला आता दुसरा हंगाम चालू आहे. गल्लीत इतकी शांतता आहे की कुत्रीसुद्धा दबकून भुंकतात.

काट्यावरच्या गोष्टी तो सांगायला लागला की चहा गार व्हायचा. वजन वाढवायला काही बहाद्दर भरल्या गाडीत माणूस झोपवायचे आणि रिकामी गाडी काट्यावर यायच्या आत त्याला उतरवायचे. यानं एकदा उसाच्या मोळ्यांतून तीन माणसं आणि एक शेळी बाहेर काढली. शेळी माझ्या पदरची आहे. माणसं तीनच होती.

"काटा खोटं बोलत न्हाय, पावणं," तो म्हणायचा, "माणूस बोलतो."

आणि कुणी 'तुमचा काटाच खराब हाय' म्हणत अंगावर आला, तर हा खोलीतून खाली उतरायचा, स्वतः काट्याच्या मधोमध उभा राहायचा आणि आतल्याला आकडा मोठ्यानं वाचायला लावायचा. याचं वजन साऱ्या तालुक्याला पाठ होतं. "आधी ओळखीचं वजन, मग तुमचं." आकडा बरोबर आला की भांडण तिथंच मिटायचं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं एकाच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर आलो. मी एसटीत कंडक्टर होतो. खड्ड्यांनी माझं हृदय इतकं हलवलं की शेवटी आत स्प्रिंग बसवावी लागली. त्याचा रक्तदाब वाढलेला होता. बाईंनी त्याला समोर बसवून सगळं विचारलं. वय, तंबाखू, साखर, जेवणात मीठ किती, बापाला काय झालं होतं. बाप लकव्यानं गेलेला. तंबाखू शाळेपासून. मीठ म्हणाल तर मिरचीचा खर्डा, लोणचं आणि पापड हे त्याच्या लेखी जेवण होतं आणि भाकरी ही त्याच्याबरोबरची चटणी.

"काका, यातलं प्रत्येक थोडं थोडं असलं तरी एकत्र मिळून जड होतं," बाई म्हणाल्या. "रोज एक गोळी घ्यायची. जन्मभर."

"जन्मभर?" हा ओरडला. बाहेरच्या बाकावरचे दोघे उठून उभे राहिले. "ती गोळी हाय का बायको?"

बायको शेजारीच बसली होती. वहिनींचा धाकटा भाऊ लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता खाली बसला होता तो उठलाच नाही. तेव्हापासून वहिनींच्या झोपेचं खोबरं झालं होतं. नवरा कुशीवर वळला की ही उठून बसायची, त्याच्या नाकाशी हात न्यायची. तपासणीला ती दर वेळी यायची, डोक्यावरचा पदर सारखा करून कोपऱ्यात बसायची आणि शेवटी एवढंच विचारायची, "डॉक्टर, मी निवांत झोपू नव्हं?"

पहिल्या वेळी डॉक्टरीणबाईंनी 'हो' म्हटलं नाही. आणि तिथंच काटेवाल्याच्या डोक्यात शिरलं, की पुढच्या वेळी आकडा चोख आला पाहिजे.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तिच्या आदल्या आठवड्यात त्याच्या घरात परीक्षेचं वातावरण. तंबाखूची पुडी माझ्याकडे ठेवायला दिलेली. खर्डा बंद, लोणच्याची बरणी माळ्यावर. भल्या सकाळी रंकाळ्याला फेऱ्या, त्या अशा की फिरायला आलेली म्हातारी माणसं वाटेतून बाजूला व्हायची. आणि गोळी, जी तीन महिने डबीत झोपलेली असायची, ती त्या आठवड्यात रोज वेळेवर. तपासणीच्या दिवशी कमरेचा पट्टा, किल्ल्या, खिशातली चिल्लर, वजनदार कापशी चपला, सगळं बाकावर उतरवून तो अनवाणी आत जायचा. "गाडी झाडून न्यावी लागती, कंडक्टर," मला डोळा मारायचा.

रक्तदाबाचा आकडा गुणी लेकरासारखा यायचा. बाई खूश. कोपऱ्यातून प्रश्न यायचा.

"झोपा मावशी, निवांत झोपा," बाई म्हणायच्या.

मग वहिनींना रिक्षात बसवून आम्ही दोघं थेट मटणाच्या ताटावर. तांबडा रस्सा तो वाटीनं पीत नसे. वाटीला काय तळ असतो, तांब्यानं प्यायचा. "पेपर सुटला, मर्दा!"

मी एकदा विचारलं, "अरे, रोज घ्यायला काय होतं तुला?"

"शरीराला सवय लागती गोळीची. एकदा लागली की सुटत न्हाय."

"म्हणून बाईंना फसवतोस?"

त्यानं नळी ताटात ठेवली. आवाज खाली आला. म्हणजे शेजारच्या टेबलापुरताच राहिला. "बाईंचं काय घेऊन बसलास? त्या 'झोपा' म्हणत्यात नव्हं, त्या रात्री ती झोपती बघ. तोंड उघडं टाकून. लहान पोरागत. मी जागा राहून बघत बसतो. म्हैनाभर तरी पुरती तिला ती झोप."

असं बरीच वर्षं चाललं. आम्ही बाकावरचे सगळे त्याच्या या कसरतीला हसायचो. काही जणांनी ती शिकूनही घेतली.

मग एका तपासणीला बाईंनी त्याच्या छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली. आकडा नेहमीसारखा नेमका होता. पट्टी बघून मात्र त्यांनी तारा पुन्हा नीट लावल्या. पुन्हा एकदा काढली. "काका, आकडा म्हणतोय सगळं छान आहे. हृदय म्हणतंय, ते बरीच वर्षं ओझं ओढतंय. दोघांतलं कोण खरं?"

काटेवाला शर्टाची बटणं लावायला लागला.

बाईंनी वहिनींना सांगितलं, घरी रक्तदाबाचं एक मशीन घ्या. त्यांना न सांगता, मध्येच कधीतरी दंडाला पट्टा बांधा आणि आकडा मला कळवा.

वहिनींनी पंधरा दिवस दम धरला. मग एका रविवारी सकाळी, तो अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत असताना, मागून येऊन पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं, थांबलं. वहिनींना फार लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्या मशीन धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मशीन खराब हाय," काटेवाला म्हणाला.

पुन्हा बांधला. आकडा दोन पावलं आणखी वर.

"खराब हाय म्हणतोय न्हवं! थांब, दावतो तुला."

आणि मशीन काखेत मारून तो गल्लीत आला. तालमीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसला आणि हाळी दिली. रविवार असल्यामुळे सगळे घरी होते, आणि त्या हाळीनंतर घरात बसायची कुणाची छाती होती? पहिला मी. "चल कंडक्टर, आधी ओळखीचं वजन." मी रोज गोळी गिळणारा माणूस, माझा आकडा बाईंनी सांगितला होता तसाच आला. त्याचं तोंड जरा उतरलं. मग दूधवाला. ठीक. मग न्हावी. ठीक. तालमीतला एक पैलवान आला, त्याच्या दंडाला पट्टाच पुरेना; लोक म्हणाले, ट्रकच्या टायरची ट्यूब आणा. एक नवी सून लाजत आली, तिचाही जसा असावा तसा. जत्राच भरली. कुणीतरी भडंग आणलं. काटेवाला मात्र प्रत्येक आकड्यागणिक कट्ट्यावर थोडा थोडा खचत चालला होता.

शेवटी शिंपी आला. बारीक, काडीसारखा, कधी शिंकलासुद्धा नाही असा माणूस. मशीननं त्याचा आकडा भलताच वर दाखवला आणि हसणं थांबलं.

"असं कसं?" शिंपी म्हणाला. "मला काय बी हुत न्हाय. मशीन खराब हाय तुमचं."

आणि काटेवाल्याच्या तोंडून, जन्मभराच्या सवयीनं, ते बाहेर पडलं.

"काटा खोटं बोलत न्हाय, पावणं."

बोलला आणि तसाच थांबला. तोंड उघडं. मी मागं बघितलं. वहिनी दारात उभ्या होत्या, हाताला भाकरीचं पीठ.

"मग आपल्या गाडीचं काय?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, तरी साऱ्या कट्ट्याला ऐकू गेला.

काटेवाल्यानं मशीन खाली ठेवलं. आणि तिथंच, सगळ्यांसमोर, गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. एवढ्या मोठ्या गळ्याचा माणूस, पण ते ऐकायला आम्हाला पुढं वाकावं लागलं.

वहिनींनी हाताचं पीठ झाडलं. "इतकी वर्सं मी खोट्या पावतीवर झोपले म्हणायचं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या घरातून नंतर कितीतरी दिवस फक्त त्याचाच आवाज यायचा. मग तोही येईनासा झाला.

शिंपी दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेला. गोळ्या घेतो, अजून शिलाई मशीनवर बसतो. माझा हा शर्ट त्यानंच शिवलाय.

काटेवालाही गेला. पट्टा, किल्ल्या, चपला, काहीच उतरवलं नाही. "भरल्या गाडीनं आलोय," म्हणाला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यात भिंत जाड झालेली निघाली, मूत्रपिंडंही थकलेली. बाई म्हणाल्या, "आता रोज घ्या. पुढचं राखायचा प्रयत्न करू. मागचं झिजलंय ते मला भरून देता येणार नाही." वहिनी कोपऱ्यातच बसल्या होत्या. त्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं एकही गोळी चुकवली नाही. तंबाखूची पुडी माझ्याकडे होती ती माझ्याकडेच राहिली. खर्ड्याकडे तो असा बघायचा, जसं बदलीच्या गावाला निघालेला माणूस घराकडे बघतो. आम्हाला वाटलं, सुटला. मला तर इतकी खात्री होती की मी पैज लावली असती.

हिवाळ्यात एका सकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढणं चाललेलं असताना, त्याच्या हातातला पेला पडला. लोकांना वाटलं, निसटला. त्यानं तो उचलायला हात पुढं केला, तर हात गेलाच नाही. काहीतरी बोलला, ते कुणाला कळलं नाही. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ज्या आजारानं बाप नेला, त्याच आजारानं यालाही गाठलं. गोळ्या चालू होत्या ना, असं मी बाईंना विचारलं. चालू होत्या म्हणून जीव वाचला, त्या म्हणाल्या, पण त्या आधीची वर्षं कुठं जातील?

रंकाळा ओलांडणारा तो आवाज खाटेवर पडून होता. घशातून नुसती घरघर यायची, जुन्या ट्रॅक्टरसारखी. मी रोज सकाळी जायचो. गावभरच्या गप्पा सांगायचो, त्यात माझ्या पदरच्या शेळ्या घालायचो. पूर्वी तो "खोटं!" म्हणून ओरडला असता. आता डोळ्यांनी ओरडायचा.

वहिनी रोज त्या वेळेला मशीन आणायच्या. पहिल्या दिवशी त्या पट्टा बांधायला गेल्या तर त्यानं डावा हात काढून घेतला. पुन्हा गेल्या, पुन्हा काढून घेतला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. "अवो, आता तरी...!" मग त्यानं तोच हात उचलला आणि बोटानं माझ्याकडे दाखवलं. माझ्या दंडाकडे.

मला समजायला वेळ लागला, कारण मी कंडक्टर, काटेवाला नाही. मी बाही वर केली. वहिनींनी आधी मला पट्टा बांधला, आकडा मोठ्यानं वाचला. माझा आकडा त्याला पाठ होता. त्यानं मान हलवली आणि मग आपला हात पुढं केला.

तेव्हापासून रोज तसंच. आधी मी, मग तो. त्याचा आकडा वाचून झाला की तो वहिनींकडे बघत राहायचा, त्यांनी काहीतरी विचारावं म्हणून. त्या नुसत्या पट्टा गुंडाळायच्या. शेवटच्या आठवड्यात एकदा मात्र, पट्टा गुंडाळता गुंडाळता, खाली बघतच, त्या म्हणाल्या, "काल झोपले हुते मी जरा." त्याच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती, ती हलली.

तो गेला तेव्हा खांद्याला मीही होतो. वजन मला सांगता येणार नाही. ते काम त्याचं.

तेराव्यानंतर मी सवयीनं सकाळी त्यांच्या घरी गेलो. खाट उभी करून भिंतीला लावलेली. वहिनींनी खुर्ची दिली, आत गेल्या. मला वाटलं, चहा आणतायत. त्या मशीन घेऊन आल्या. त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मी बाही वर केली. त्यांनी पट्टा बांधला, मशीन घुरघुरलं, त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला. नेहमीचाच.

मग त्यांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला आणि तो दोन्ही हातांत उघडा धरून त्या, नेहमीप्रमाणे, खाटेच्या भिंतीकडे वळल्या.