चुकलेलं विमान

सांगतो, पण आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही हं. उगाच शहाणपणा करून मी एक विमान पाडलंय, तेही घरातल्या टेबलावर ठेवलेलं!

आम्ही मस्कतला, दार्सैतमध्ये राहतो. मी एसीच्या डक्टचं डिझाइन करतो. लेक ईरा आठवीत. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलणारी पोर मराठी विसरेल, म्हणून घरात इंग्रजी बंद, हा माझाच कायदा.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पहिल्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान थर्माकोलचं केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलायचं, त्यामुळे बिचारी घाबरलेली. मला म्हणाली, "बाबा, माझं विमान बघ ना. ते... चुकलेलं आहे."

"कुठे चुकलंय?"

"पंख्याच्या पुढे माणूस आहे ना, तिथे."

बघतो तर काय, विमानाच्या नाकावर एका खोक्यात बंदूकवाला, त्याच्या पाठीला विमानाचा फिरता पंखा आणि पंख्यामागे वैमानिक. आता तुम्हीच सांगा, पंख्याच्या तोंडाशी, हवा अडवत बसवलेला माणूस एसीवाल्याला बघवेल? वाटलं, पोरीला मदत हवीय, पण मागायला लाजतेय.

शुक्रवारी मायलेकी कृष्णमंदिरात गेल्या. मी ब्लेड काढलं. खोकं कापलं, पंखा नाकावर आणला, बंदूकवाल्याला वैमानिकाच्या मागे बसवलं. वर चंदेरी रंग. खलास! सरप्राइज म्हणून विमान पॅकसुद्धा करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत ईराने पॅकिंग उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हे काय केलंस?"

"चुकलं होतं, ते बरोबर केलं."

"अरे, ते फेल झालेलं विमान होतं. विषयच तो आहे. फेल म्हणजे चुकलेलं ना?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. इंग्रजीत बोलली असती तर एका शब्दात कळलं असतं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

तिने माइक धरला. इंग्रजीत म्हणाली, "या विमानात दोन माणसांच्या मध्ये पंखा होता. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचंच नाही, म्हणून ते फसलं. माझं मॉडेल काल दुरुस्त झालं. त्यामुळे आज मी बाबांना आणलंय."

हॉल हसून हसून लोळला. पोरीचा आवाज एकदाही कापला नाही, आणि मला खरंच भरून आलं.

मग परीक्षक मॉडेल बघायला आले. ईराने मला हाताला धरून टेबलापाशी उभं केलं, आणि विमानापुढची 'अयशस्वी रचना' ही पाटी माझ्या हातात दिली.