शेऱ्याचा रकाना

बिनचहा हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. गाडीत कोंबड्या असल्या की हा माणूस वाटेत चहालासुद्धा थांबत नसे, म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला ते चिकटवलं. कारण अगदी साधं होतं. गाडी पळत असली की पिंजऱ्यांतून वारा खेळतो, आणि थांबली की आतल्या सोळाशे कोंबड्या उकाड्याने माना टाकायला लागतात. हे कळायला पदवी लागत नाही, म्हणूनच बहुधा पदवीवाल्यांना ते कळलं नसावं.

बावीस वर्षं तो शेडवरून कोंबड्या भरून कारखान्यात आणत होता. तिथे त्या कापून, साफ करून पिशवीत बंद होत. त्याचा रस्ता घाटाचा, अठ्ठावन्न किलोमीटरचा. चढावर गाडी म्हाताऱ्यासारखी कण्हायची, पण दोन्ही अंगांना झाडी होती आणि दोन तासांत माल दारात यायचा. दुसरा रस्ता हमरस्त्याने, एकशे अठरा किलोमीटरचा. तो गुळगुळीत आणि रुंद होता खरा, पण टोलनाक्यावर भर उन्हात रांग लागायची. तिथे गाड्या अशा उभ्या राहायच्या, जणू कुणी मुहूर्त बघून सोडणार आहे.

मग कंपनीला पर्यावरणाचा पुळका आला. आपोआप नव्हे. एका बड्या गिऱ्हाइकाने पत्र पाठवून विचारलं होतं, तुमच्या एक किलो चिकनमागे किती इंधन जळतं? उत्तर कुणालाच येत नव्हतं, म्हणून कंपनीने एक अधिकारी नेमली. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या आणि हुशारही. आता हुशार माणसाची चूक साधी कशी असेल? ती चार रंगांत रंगवून भिंतीवर लागली. फळ्यावर प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे आकडा होता, गाडी लिटरला किती किलोमीटर चालली त्याचा. महिन्याचा पहिला येईल त्याला कुंडीतलं रोप. लागोपाठ तीन महिने शेवटचा येईल त्याची गाडी काढून घ्यायची आणि त्याला फाटकावर वही लिहायला बसवायचं.

घाटाने जायला सोळा लिटर लागत, हमरस्त्याने तेवीस. पण फळ्याला लिटरशी देणंघेणं नव्हतं. घाटातून येणारा लिटरला साडेतीन म्हणून तळाला, आणि सात लिटर जास्त जाळून, दुप्पट रस्ता तुडवून येणारा लिटरला पाच म्हणून डोक्यावर. पहिला नंबर हिरोचा आला. हिरो म्हणजे गॉगलवाला ड्रायव्हर, हमरस्त्याचा भक्त, कारण तिथल्या ढाब्यावर त्याची ओळख होती. त्याने रोप घेतलं, फोटो काढला आणि आठवड्याभरात पाणी न घालता मारलं. बिनचहा शेवटचा आला.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापता थापता थांबली.

"मी गॅस किती तास जळला ते बघते, की त्यावर किती माणसं जेवली ते?"

दुसऱ्या दिवशी त्याने हे शब्द जसेच्या तसे मॅडमपुढे ठेवले. मॅडम हसल्या. काका, आकडे इतके सोपे नसतात, असं त्यांनी फार प्रेमाने समजावलं. मग त्याने विचारलं, हमरस्त्याने येताना कोंबड्या मरतात त्यांचं काय? तर ते उत्पादन विभागाकडे येतं, पर्यावरणाकडे नाही. मेलेल्या कोंबडीला आपण कुठल्या विभागात मेलो हे माहीत नसतं, हा तिचा अडाणीपणा.

दुसऱ्या महिन्यातही तो शेवटचा आला. आता बायको घाबरली. स्टिअरिंगवर हात नसला तर हा माणूस घरात कसा वागतो, हे एकदा त्याचा पाय मोडला होता तेव्हा तिने पाहिलं होतं. तिने सुनावलं, जा की हमरस्त्याने महिनाभर. कोंबड्यांना तशीही सुरीच बघायची आहे, उन्हातून वाचवून तुम्हाला कोण हार घालणार आहे? मुद्दा बिनतोड होता. बिनचहाने ताट बाजूला सारलं.

"मरायचंच आहे त्यांना," तो म्हणाला. "पण वाटेत मेलेली कुणाच्या पोटात जात नाही. चाळीस दिवस खाल्लेला मका, तो लांबून आणणारा ट्रक, माझं डिझेल, सगळं खड्ड्यात."

तरी गाडी हातची जाऊ नये म्हणून तो एकदा हमरस्त्याने गेला. टोलनाक्यावर पन्नास मिनिटं अडकला. कारखान्यात पिंजरे उतरवले तेव्हा एक्केचाळीस मेलेल्या निघाल्या. एरवी चार-पाच निघत. त्या त्याने स्वतःच्या हाताने मागच्या खड्ड्यात टाकल्या आणि हात तीनदा धुतले. बाहेर फळ्यावर त्याच्या त्या दिवसाच्या आकड्यापुढे हिरवा तारा लागला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा घाटाने यायला लागला. महिना संपला आणि त्याची गाडी गेली.

फाटकावरच्या वहीत गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहायचे होते. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, आणि आजवर त्यात कुणी शाईचा थेंबही वाया घालवला नव्हता. बिनचहाने तो भरायला घेतला. कुठल्या रस्त्याने आली, डिझेल किती, माल किती किलो, मेलेल्या किती. मेलेल्यांचा आकडा पिंजरे उतरवणारे सांगायचे. कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं, सरकारी काम असावं तसं ते नेमाने चाललं होतं.

पाच महिन्यांनी बाहेरचे तपासनीस आले. त्यांना फळा दाखवला, रोपं दाखवली, हिरोलाही दाखवलं. त्यांनी चहा घेतला आणि तोच जुना प्रश्न विचारला, एक किलो चिकनमागे किती इंधन? फळ्यावर ते कुठेच नव्हतं. शेवटी कुणीतरी फाटकावरची वही आणली.

त्या वहीवर कंपनीला प्रमाणपत्र मिळालं. अभिनव नोंदपद्धतीबद्दल मॅडमचा सत्कार झाला. घाटरस्त्याला हरित मार्ग म्हणायचं ठरलं, आणि अशा महत्त्वाच्या मार्गावर सगळ्यात वरच्या नंबरचा ड्रायव्हर हवा म्हणून हिरोला नेमलं. बिनचहाचीच गाडी देऊन.

बिनचहा गाडी परत मागायला गेला. मॅडमना खरंच वाईट वाटलं.

"काका, तीन महिने शेवटचा नंबर आहे हो तुमचा. नियमात बसत नाही. आणि तुम्ही गेलात तर शेऱ्याचा रकाना कोण भरणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरो ती गाडी घेऊन फाटकाशी आला. गॉगल काढून खिशात ठेवला होता. घाटात आपण कधी गेलो नाही, कुठे काय सांभाळायचं, असं त्याने खाली मान घालून विचारलं. बिनचहाच्या तोंडावर आलं होतं, विचार तुझ्या फळ्याला. आतून नुसता जळत होता तो. पण परत येताना गाडीत सोळाशे असणार होत्या.

"जाताना रिकामा आहेस, कुठेही थांब," तो म्हणाला. "येताना चहाला थांबू नकोस."

हिरोने मान डोलावली. बिनचहाने फाटक उघडलं, किलोमीटर लिहून घेतले आणि खुर्चीत बसला. फाटकावर चहा दिवसातून तीनदा येतो. गाडी परत येईपर्यंत त्याने एकही घेतला नाही.