तिसऱ्या ओळीतले काकाजी

शोरूममध्ये गाडी पाहायला आलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि स्टिअरिंग धरतो. गाडी चालवता येत नसली तरी धरतो. तुम्हीही धरलं असेल, लाजू नका. वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये मी पंधरा वर्षं गाड्या विकतो आहे आणि या नियमाला मी एकच अपवाद पाहिला. हे गृहस्थ यायचे, सात जणांच्या मोठ्या एसयूव्हीचं मागचं दार उघडायचे, मधली सीट पुढे दुमडायचे आणि पोट आत घेऊन शेवटच्या ओळीत जाऊन बसायचे. मग मला दार लावायला सांगायचे.

"समोर तं कोणीबी बसते, भाऊ," ते आतून म्हणायचे. "मांगं बसून पाहा लागते."

आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. नागपुरात पन्नाशी ओलांडलेला कुठलाही अनोळखी पुरुष काकाजीच असतो. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, कंपनीच्या बसनं जायचे-यायचे, आणि दर रविवारी अकराच्या सुमारास आमच्याकडे हजर व्हायचे. खिशात स्टोअरमधली मोजपट्टी. तिनं ते शेवटच्या ओळीत गुडघ्यांना किती जागा उरते ते मोजायचे. गेल्या रविवारी मोजलेली जागा या रविवारी वाढली असेल, अशा आशेनं पुन्हा मोजायचे.

त्यांचे प्रश्नही भलतेच. मायलेज नाही, इंजिन नाही. एसीची हवा मागे किती वेळात पोचते? मागच्या माणसानं हाक मारली तर पुढे ऐकू येते का? एकदा विचारलं, मागची काच उघडते का. नाही उघडत, असं सांगितल्यावर त्यांनी त्या काचेवर बोटांनी टकटक केलं. "म्हणजे मांगच्याले मळमळलं तं काहीच नाही," असं पुटपुटत खाली उतरले. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

आमच्यातले पोरगे हसायचे. मे महिन्यात नागपूरचं ऊन टाळायला काकाजी फुकटचा एसी खायला येतात, असा शोरूमचा निकाल होता. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? असे वर्षभर फिरकणारे आणि शेवटी भाच्याची जुनी गाडी घेणारे लोक मी ढीगभर पाहिले होते.

एका रविवारी गिऱ्हाईक कमी होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर मागच्या ओळीत जाऊन बसलो. दोघांचे गुडघे हनुवटीशी. मी थट्टेनं विचारलं, काकाजी, मागे बसणार तरी कोण आहे? ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत सांगायला लागले.

त्यांचा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी काविळीनं गेला होता. त्याची बायको आणि दोन मुली काकाजींच्याच घरी, दिघोरीला. भाऊ होता तेव्हाही सगळे एकत्रच राहायचे. आता काकाजी, काकू, मुलगा आणि मुलगी हे चौघं आणि तिघी त्या, अशी सात माणसं. भावाची तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी, भंडाऱ्याच्या पलीकडे त्यांच्या गावी होती. त्यासाठी भाड्याची मोठी गाडी केली होती.

"मी समोर बसलो होतो, भाऊ. एसीच्या तोंडाशी. ती शेवटच्या सीटवर दोन पोरी घेऊन बसली. गावी उतरलो तवा तिचा पदर पाह्यला. रस्ताभर ओकली होती, पदरात. कोणाले सांगितलं नाही. सांगणार कशी? समोर मी होतो न."

समोर मी होतो न, हे ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि धाकट्या भावाची बायको म्हणजे भावसून. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत भावसून भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्या शेजारी बसत नाही, त्याच्याकडे पाठ करूनही बसत नाही. शहरात हे पुष्कळ सैल झालं आहे. काकाजींच्या घरात मात्र ते कोणी कधी मोडलं नव्हतं, कारण मोडायची वेळच आली नव्हती. काही सांगायचं असेल तर मध्ये भाऊ होता. तो गेल्यावर ते काम आठ वर्षांच्या धाकट्या मुलीकडे आलं. चार हातांवर भावसून उभी असते आणि काकाजी पोरीला म्हणतात, आईले विचार, चहा झाला का. भावसून पोरीला म्हणते, त्यायले सांग, होऊन राह्यला. पोरगी कोणाचंच काही पोचवत नाही, कारण दोघांनीही ऐकलेलं असतं.

हे सांगताना काकाजी हसले. मीही हसलो.

आता गाडीचं कोडं बघा. मुलगा चालवणार. मधल्या ओळीत दोनच सीटा, तिथे काकू आणि त्यांची मुलगी; दोघींनाही मागे मळमळतं. भावसुनेला मधे बसवायचं तर काकू पुढे येणार आणि काकाजींना मागे जावं लागणार, म्हणजे तिची पाठ भासऱ्याकडे. ती बसायची नाही. काकाजी पुढे बसले तर ती आपोआप शेवटच्या ओळीत, काच न उघडणाऱ्या खिडकीशी. दर रविवारी मोजपट्टी घेऊन ते हेच सोडवायला यायचे. पाच जणांची गाडी घ्यावी तर तिघी घरीच राहणार, आणि घरीच राहणारी माणसं हळूहळू त्या घरातली राहत नाहीत, ही त्यांची धास्ती होती. ती माहेरी मौद्याला निघून जाईल, हे त्यांना रात्रंदिवस वाटायचं.

मी म्हटलं, तिलाच विचारा ना, तिला काय हवं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

जूनमध्ये ते एकदाचे म्हणाले, गाडी घरी आणा, सगळ्यांना दाखवू. मी रविवारी सकाळी गाडी घेऊन दिघोरीला गेलो. गल्ली अरुंद, समोरच्यांनी स्कूटर काढली तेव्हा कुठे गाडी आत गेली. शेजारीपाजारी फाटकाशी उभे. काकू गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. बाई वाईट नव्हती. एवढं धूड रोज गल्लीतून काढणार कोण, मुलाचं कॉलेज चालू आहे, आपल्याला झेपेल का, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हतं. दारात काकाजींची भावसून पाण्याचे पेले ठेवलेला ट्रे घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, चाळिशीच्या आतली, सडसडीत. दोन्ही पोरी आधीच शेवटच्या ओळीत चढून उड्या मारत होत्या.

आणि मग मी माझं काम सुरू केलं. पोरींना खाली उतरवलं, मागचं दार वर उचललं, एक पट्टा ओढला आणि तिसरी ओळ एका झटक्यात सपाट केली. त्याबरोबर जे वाक्य मी पंधरा वर्षं म्हणत आलो होतो ते म्हटलं.

"ही मागची सीट पाहुण्यांपुरती. कोणी आलं तर उघडायची, नाहीतर दुमडून ठेवायची."

काकू खूश झाल्या. "हे बेस आहे बाप्पा. मंग रोज दुमडूनच ठेवता येते."

ती सीट कोणासाठी होती, हे मला माहीत होतं. काकाजींनी मला पदराचं सांगितलं होतं, आणि तरी सवयीनं जीभ पुढे गेली. वाक्य संपल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग खिशातून रुमाल काढून गाडीची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती. मी सकाळीच धुवून आणली होती.

भावसुनेनं ट्रे माझ्यापुढे धरला. मी पाणी घेतलं. सगळे चक्कर मारायला निघाले तेव्हा धाकटी निरोप घेऊन आली, की आई म्हणते, गॅसवर वरण आहे, तुम्ही जाऊन या.

त्यानंतर काकाजी तीन रविवार आले नाहीत. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, कारखान्याच्या गणवेशातच आले. गाडीत बसले नाहीत. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

भावसून गेली होती. मौद्याला वीज केंद्राच्या बाजूला एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं होतं. तिथे ती आपल्या भावाकडे राहणार होती. पोरींची नावं तिकडच्या शाळेत घातली. भांडण नाही, रडारड नाही. घरातली तांदळाची कोठी भरून, पुसून, काकूंच्या पाया पडून गेली.

"जाताना दारात उभी राह्यली," काकाजी म्हणाले. "धाकटीले म्हणाली, मोठ्या बाबाले सांग, आता लहान गाडी पुरते."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"मीबी धाकटीलेच म्हटलं. आईले सांग, जपून जा."

हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, काकाजी, ते वाक्य माझं होतं, माझी चूक झाली. ते म्हणाले, तुमचं तं कामच आहे ते, तोंड माझं बंद होतं. त्यांनी रागावायला हवं होतं. रागावले असते तर मला रात्री झोप आली असती.

मग त्यांनी एक मागणी केली. मोठी गाडी एकदा मौद्यापर्यंत न्यायची. ती बसून पाहील. आमच्या टेस्ट ड्राइव्हला शहराबाहेर परवानगी नसते. बुकिंग होणारच आहे, असं मी मॅनेजरला खोटं सांगितलं आणि रविवारी आम्ही भंडारा रोडनं निघालो. काकाजी शेवटच्या ओळीत. आरशात मला त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

भावसुनेच्या भावाचं घर बाजाराच्या मागे होतं. गाडी पाहून धाकटी धावत आली. तिच्यामागून भावसून दारात आली, पदर सावरत. काकाजींना गाडीतून उतरायला वेळ लागला. समोर जाऊन उभे राहिले आणि सवयीप्रमाणे पोरीकडे वळले. "आईले," एवढं म्हणाले आणि थांबले. मग पोरीला म्हणाले, आत जा, पाणी आण. पोरगी गेली.

मी गाडीजवळ होतो. तिथून हलायला हवं होतं, हललो नाही.

"तू घरी चाल," काकाजी म्हणाले. जमिनीकडे बघत, पण तिलाच. "मोठी गाडी घेतो. तू मधात बस. मी मांगं बसतो. लोकायले काय म्हणायचं ते म्हणू दे."

तिनं दाराची चौकट धरली. मला वाटलं, ती आता पोरीला हाक मारेल. तिनं मारली नाही.

"गाडीचं नाही," ती म्हणाली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "त्या दिवशी तुम्ही तिथीच उभे होते. तुम्ही बोलाले पाह्यजे होतं. ते गेल्यावर त्या घरात माझ्यासाठी बोलणारं दुसरं कोण होतं?"

काकाजींनी मान हलवली. हो, म्हणाले. पोरीनं आणलेलं पाणी उभ्यानंच प्यायले, पेला परत दिला. धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. निघताना भावसुनेनं मलाही पाणी दिलं. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं नाही, म्हणजे मुळी पाहिलंच नाही.

परतताना ते माझ्या शेजारी, पुढे बसले.

"बोलली ती," कापसी गाव ओलांडल्यावर म्हणाले. "चौदा वर्षं झाली तिच्या लग्नाले. घरात रोज तिचा आवाज ऐकून राह्यलो मी. माझ्यासंग आज बोलली."

त्यांना रडू आलं होतं. त्यात आनंद किती आणि दुःख किती, हे मला ठरवता आलं नाही. माझेही डोळे भरले, सांगायला लाज नाही. पारडी नाक्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि इथून बसनं जातो म्हणून उतरले.

ते पुन्हा शोरूममध्ये आले नाहीत. पोरांनी काही दिवस विचारलं, मग विसरले. आमच्याकडे तीन महिन्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायची पद्धत आहे. त्यांचा नंबर मी दोनदा लावून कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काकूंनी उचलला.

"गाडी? घेतली न, लहान," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शोरूममधून. चौघंच तं आहो आम्ही."

मी विचारलं, काकाजींना आवडली का.

"ते कुठं बसतात तिच्यात. गाडी दारात उभी असते अन् हे दर रविवारी सकाळीच मौद्याची एसटी धरतात. पोरींसाठी काहीबाही नेतात. मी म्हटलं, दिवसभर तिथी काय करता? तं म्हणतात, बोलतो."

मला बरं वाटलं. मी तसं म्हणणार होतो, पण त्या अजून फोनवरच होत्या आणि मागे कुकरची शिट्टी होत होती.

"इथी माझ्यासंग दिवसभरात दोन शब्द बोलत नाहीत, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा न त्यायले."