दाराबाहेरचं पातेलं

पाणी कमरेला लागलं तेव्हा पमीचा बाप गोठ्याकडे वळला. "चाला तुम्ही, मी उनूच," म्हणाला. बैल दावणीला होते, ते सोडून येतो एवढाच त्याचा अर्थ. माझ्या एका काखेत लेक पमी, दुसऱ्या हातात सासूचा पदर. सासूला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणायचे. ओट्यावरच्या कोनाड्यात झाकून ठेवलेलं पातेलं दिसलं, ते मी ओढून अक्काच्या डोक्यावर दिलं. त्यात उकडलेली अंडी होती. घर सोडलं ते असं.

अंडी दाराबाहेर का होती, ते गावात राहिलेल्यांना सांगायला नको. पण सुरतेला, पुण्याला गेलेल्यांची पोरंही हे वाचतील, त्यांच्यासाठी लिहिते. आदल्या दिवशी आखाड संपला होता. गटारीला धुळ्याची नणंद आणि सोनगीरचा दीर, दोघांची घरं जेवायला येणार म्हणून मी ढीगभर अंडी उकडली. पण नदीच्या फरशीपुलावरून पाणी वाहत होतं, एसटी पलीकडूनच परत गेली. आम्ही पोटभर रस्सा खाल्ला तरी अंडी उरली. उजाडलं की श्रावण. अक्काच्या चुलीपाशी श्रावणात टरफलसुद्धा चालत नसे. तिने झोपायच्या आधी मला पातेलं बाहेर ठेवायला लावलं, सकाळी कुणाला तरी देऊन टाकू म्हणाली. उजाडता उजाडता पाणी शिरलं आणि पीठ, भाकरी, डाळी, आत होतं ते सगळं गेलं. जे घराबाहेर काढलं होतं तेवढंच हाताला लागलं.

आमची सगळी गल्ली शाळेच्या स्लॅबवर चढली होती. वर पाऊस, खाली गढूळ पाणी. गोठा दिसत नव्हता, त्याच्या वरचा निंबाचा शेंडा तेवढा दिसत होता. मी त्या शेंड्याकडे बघत होते. दुपार झाली तरी पमीचा बाप आला नाही. पोरं रडायला लागली तेव्हा मी पातेलं उघडलं आणि आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना अंडी वाटली. अक्काने तोंड फिरवलं.

"श्रावण लागना," ती म्हणाली. श्रावण लागला होता, ते खरंच.

"खा तुम्ही. देवले मी सांगसू."

"तू काय सांगशी? तुले तलाठीसंगे बोलता येत नही."

स्लॅबवरची माणसं हसली. हसू आलं याची मला तेव्हाही लाज वाटली नाही. पण अक्काने खाल्लं नाही. पोरगा आल्यावर त्याच्याबरोबर काय ते बघू, म्हणाली. त्याची अंडी मी पातेल्यात वेगळी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तिला बसवेना. हातपाय थरथरायला लागले, डोळे मिटायला लागले. नवरा गेला की काय ते कळत नव्हतं आणि सासू डोळ्यांदेखत चालली होती. मी नवऱ्यासाठी ठेवलेलं एक अंडं सोललं, पिवळं काढून पमीच्या तोंडात घातलं आणि पांढऱ्याच्या फोडी करून अक्काच्या हातावर ठेवल्या. तिने बराच वेळ हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाई खोबरं शे." मी म्हटलं, खोबरंच. उपासाला खोबरं चालतं. तिने खाल्लं. त्याच्या वाटची सगळी अंडी मी तिला अशीच खोबरं म्हणून चारली. ती संपली तेव्हा आम्हा दोघींनाही कळलं होतं की तो आता येणार नाही.

पाणी उतरल्यावर तो बाभळीत अडकलेला सापडला. बैल दोघेही वरच्या शिवारात चरत होते. दावी त्याने सोडली होती.

बैल विकले. धुळ्याला भावाने एक खोली दिली. मी खानावळीत भाकरी थापल्या आणि पमीला शिकवलं. गावाला नंतर वरच्या अंगाला प्लॉट मिळाले, तुम्ही गाववाल्यांनी घरं बांधलीत. आमचा प्लॉट मी दिराला दिला. धुळ्यात अक्का बरीच वर्षं जगली, पण श्रावणात तिने पुन्हा कधी खोबरं खाल्लं नाही. उपासाच्या भगरीवर घातलं तर बाजूला सारायची.

आता मी वरणगावला पमीकडे असते. जावई सरकारी कारखान्यात आहेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहतो. इथली बोली वेगळी, भाजीवाली अजून मला धुळ्याकडची म्हणते. गटारीला जावयांचे मित्र येतात, अंडी दर वर्षी उरतात. नात मोबाईलमध्ये बघून सँडविच करू म्हणते. मी कांदा आणि सुकं खोबरं गॅसच्या जाळावर काळं होईस्तोवर भाजते, मिक्सरला वाटते, तेल सुटलं की अंड्यांना चिरा देऊन रश्श्यात सोडते. रात्री भाकरी चुरून सगळे पुन्हा एकदा जेवतात. त्यातूनही उरली तर पातेल्यात घालून दाराबाहेर जिन्यात ठेवते.

"माय, फ्रिज आहे ना," पमी म्हणते. "कुत्री नेतील."

"नेऊ दे. फ्रिज आतच असतो," मी म्हणते.

तुम्ही फोनवर विचारता, गावाची आठवण येते का, घर कुठलं मानता. गावातलं घर पाण्याने नेलं, धुळ्यातलं भावाचं होतं, हे सरकारचं आहे. पातेलं माझं आहे. त्याला पोचा पडलाय, पण झाकण अजून बसतं.

पमीचा बाप त्या पुरात गेला. आम्ही तिघी वाचलो. अक्का, मी आणि पमी.