स्पूलवरचा तंबोरा

आधीच सांगून टाकते, मी तिचा हेवा करते. ती म्हणजे माझी गुरुभगिनी. आमच्या बाईंकडे मी बावीस वर्षं गाणं शिकते आहे, ती सातच. वयानंही माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणते, क्लासला येताना बाईंसाठी चाफा आणते तेव्हा दोन फुलं माझ्यासाठीही आणते. इतक्या चांगल्या माणसाचा हेवा करणं अवघड असतं, पण मी जमवलं.

सुरुवात झाली तिच्या मामांच्या माळ्यावरून. मामांनी घर आवरायला काढलं आणि जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर तिला देऊन टाकला. दोन मोठी चक्रं, त्यांच्यामधून सरकणारी तपकिरी फीत आणि आवाजाबरोबर थरथरणारा एक काटा. तिनं तो दुरुस्त करून घेतला, त्यावर भीमपलास गायली आणि एका रविवारी सगळं धूड उचलून क्लासला घेऊन आली.

बाईंचं घर स्वारगेटजवळ, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या लावल्या तरी एसटीचे हॉर्न आत येतात आणि बाई त्या हॉर्नांचेही सूर सांगतात. कुणाला 'वा' म्हणायची त्यांना सवय नाही. ऐकून झालं की "हं" म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. त्या दिवशी फीत संपली, मोकळं टोक फटफट वाजत राहिलं, तरी त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

दर दिवाळीला मी बाईंना माझं रेकॉर्डिंग ऐकवत आले होते आणि हे दोन शब्द मला एकदाही मिळाले नव्हते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळे घरी संगणकावर गाणंही तसंच करायचे. घसरलेला सूर उचलून जागेवर ठेवायचा, श्वासाचे आवाज पुसायचे, पाच वेळा गाऊन चांगले तुकडे जोडायचे. बाई ऐकून म्हणायच्या, "हं. स्वच्छ आहे." फरशीला म्हणतात तसं.

तिचा आवाज माझ्याहून चांगला नाही. तार षड्जावर पातळ होतो, हे मी सात वर्षं ऐकते आहे. मग उरलं काय? यंत्र. फितीवर आवाजाला एक ऊब येते असं जाणकार सांगतातच. मला तेवढं कारण पुरलं.

पुढचे चार रविवार मी जुन्या बाजारात फिरले. शेवटी एक टेपरेकॉर्डर मिळाला, तिच्या यंत्रापेक्षा मोठा. (हो, मी पाहूनच घेतला.) दुरुस्तीवाल्याचा पत्ता मात्र तिलाच विचारावा लागला. तिनं आनंदानं दिला, वर "मी येऊ का सोबत?" म्हणाली. मी म्हटलं, "नको, तुला कशाला त्रास."

कसबा पेठेत एका जिन्याखाली त्या काकांचं दुकान. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. "काय करणार याचं?"

"रेकॉर्डिंग."

"का, फोन हरवला?"

दीड महिना मी त्या दुकानात खेटे घातले. पट्टा बदलला, मोटर साफ झाली. शेवटच्या दिवशी काका म्हणाले, "तुमच्या आधी आलेल्या त्या मुलीच्या यंत्रापेक्षा तुमचं बरं आहे." ऑफिसची बस चुकली होती, तरी मी खुशीत घरी आले.

मग आजारी असल्याचं कळवून दोन दिवस सुट्टी घेतली. फितीवर जोडकाम नाही. चुकलं की मागे गुंडाळायची आणि पहिल्यापासून गायचं. मीही भीमपलासच घेतला, मुद्दामच. नवव्या खेपेला एकसलग झाला. खोटं कशाला बोलू, गाताना मी घाबरले होते आणि कित्येक वर्षांत आली नव्हती इतकी मजाही आली. हेव्यानं का होईना, मी गात होते.

रविवारी क्लासची वेळ संपल्यावर, ती निघून गेल्यावर, रिक्षावाल्याच्या मदतीनं यंत्र वर चढवलं. बाई ऐकायला बसल्या. तीन मिनिटं झाली असतील, त्यांनी हात वर केला. मी बटण दाबलं.

"तंबोरा कोण वाजवतंय?"

"फोनवरचा आहे, बाई. ॲप."

बाईंनी चष्मा काढला. "एवढं धूड तीन जिने चढवलंस, आणि तंबोरा खिशातला?"

माझा खरा तंबोरा घरी गवसणीत उभा आहे. तो जुळवायला अर्धा तास लागतो, आणि जुळवला तरी वाजवणार कोण? तेच माझ्या तोंडून निघालं, जरा चढ्या आवाजात. "माझ्यामागे बसून तंबोरा वाजवणारं आहे कोण, बाई?"

"तिच्यामागे तरी कोण होतं? मी वाजवला."

आमच्यात शिष्य गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. मी बाईंच्या मागे किती मैफलींत बसले, मोजदाद नाही. पण गुरूला सांगायचं, माझ्यामागे बसा, मी गाते? हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. आणि ही काल आलेली मुलगी!

"तुम्हाला वाजवायला सांगितलं तिनं?"

"विचारलं. मला बरं वाटलं. तू कधी विचारलं नाहीस."

मी लाज सोडली. "मग आता वाजवाल?"

बाईंनी उजवा हात माझ्यापुढे धरला. मधलं बोट अर्धवट वाकलेलं. "या थंडीपासून सरळच होत नाही. तिच्यासाठी वाजवला तो शेवटचा."

यंत्र पुन्हा खाली उतरवलं. रस्ताभर मी तिच्यावर चिडले होते. स्वतःवरही, पण तिच्यावर जास्त.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मामांच्या टेपरेकॉर्डरची मोटर जळली होती. "ताई, तुमच्याकडे टेप घेऊन येऊ? बाईंचा तंबोरा ऐकावासा वाटतोय." नाही म्हणण्यासारखं कारण मला चटकन सापडलं नाही.

ती आली, चाफा घेऊन. क्लासमध्ये तिनं फीत थेट गाण्यापासून लावली होती. माझ्याकडे पहिल्यापासून लावली. आधी बाईंचं खोकणं. मग तारा जुळवणं, एक खुंटी पिळल्याची करकर, दूर कुठे एसटीचा हॉर्न. मग चारही तारा एक झाल्या आणि खोली भरून गेली. जिच्यासाठी मी जुना बाजार पालथा घातला ती ऊब इथे होती, बाईंच्या बोटात. तंबोरा तसाच चालू असताना बाई हळूच म्हणाल्या, "हं, घे आता." माझ्या यंत्रातून, तिला.

आणि ती गायली. तार षड्जावर आवाज पातळ झालाच. मी वाट पाहतच होते.

फीत संपली. मोकळं टोक फटफटत राहिलं. मी म्हटलं, "पुन्हा लाव."

तिचा चेहरा फुलला. तिला वाटलं, तिचं गाणं आवडलं म्हणून म्हणते आहे. मी तंबोऱ्यासाठी म्हटलं होतं. पण गाणंही आवडलं होतं, तेच तर दुखणं आहे.